संध्याकाळची चक्कर

१

डिझेल गाडी म्हणजे दुभती म्हैस. दावणीला बांधली की तिचं रोजचं करावं लागतं, त्यात सुटी नाही. सकाळी चावी अर्धीच फिरवायची, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग सेल्फ मारायचा. अधूनमधून फिल्टरखालचं पाणी सोडायचं. आणि माझ्या गाडीसारखा टर्बो असेल, तर घरी पोचल्या पोचल्या इंजिन बंद करायचं नाही. दारात उभी करून थोडा वेळ तशीच चालू ठेवायची, नाहीतर तापलेला टर्बो जळतो. हे मी आजवर किती जणांना समजावलं त्याला गणती नाही. लोक माना डोलावतात आणि जाऊन पेट्रोलची गाडी घेतात.

मी ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात आहे. दुसऱ्याने केलेल्या कामात चूक शोधायची, हा माझा पोटापाण्याचा धंदा. घर नाशकात, अमृतधामच्या मागे, रो-हाऊस. आम्ही मूळचे मखमलाबादचे भाजीपाल्यावाले. घरात चारचाकी आली ती माझ्याच पिढीत, आणि तीही जुनी, २००१ साली, नाशकातल्या द्वारका चौकातल्या एका एजंटाकडून. पाच दारांची छोटी गाडी, डिझेल इंजिन. आधीच्या मालकाला वेगाचा नाद असावा. त्याने टर्बो बसवून घेतला होता, इंजिनाला जास्त डिझेल जावं म्हणून पंप वाढवून घेतला होता. माझा कारखान्यातला मित्र हिरामण एकदा चालवून आला आणि उतरताना म्हणाला, ही गाडी नाही, तोफ आहे. माझी बायको ललिता म्हणाली, नाकापेक्षा मोती जड. दोघांचंही मी ऐकून घेतलं.

तिचा आवाज लाखात ओळखू यायचा. खाली टकटक आणि वर टर्बोची बारीक शीळ. कारखाना सुटला की मी आग्रा रोडने निघायचो, आडगाव मागे टाकायचो आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे तिथे वळायचो. तिथला आवाज ऐकून ललिता चहाचं आधण ठेवायची. आमची रोशनी तेव्हा बालवाडीत होती. ती धावत गेटपाशी यायची आणि तिला रोज एक चक्कर लागायची, गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. ती बसायची नाही. पुढच्या दोन सीटांच्या मधे उभी राहायची, एक हात माझ्या खांद्यावर. चक्कर झाली की ती उड्या मारत घरात जायची आणि मी टर्बो थंड होईपर्यंत गाडीत बसायचो.

२

दसरा होऊन गेल्यावर एक दिवस चहा गार मिळाला. मी कुरकुर केली. ललिता म्हणाली, मघाशीच आलात ना, इतका वेळ खाली काय करत बसलात? मी म्हटलं, आत्ता आलोय. ती म्हणाली, गिरणीपाशी वळलात तेव्हाच आधण ठेवलं. मी सोडून दिलं. बायकांशी वेळेवरून वाद घालू नये.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गार, तिसऱ्या दिवशी तर साय धरलेली. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं, तुला दुसरीच कुठली गाडी ऐकू येते. ती शांतपणे म्हणाली, गाडी तुम्ही चालवता, पण वाट बघत रोज ऐकते मी. मला नाही चुकायची.

माझं तपासणीवाल्याचं डोकं. आधी सोपी कारणं संपवायची. अशी दुसरी गाडी आसपास आहे का ते बघितलं. नव्हती. हायवेचा आवाज वाऱ्याने येत असेल म्हणून गच्चीवर उभा राहिलो. हायवेवरून ट्रकची घरघर येत होती, टकटक नाही. मग वाटलं, ललिताला सवय झालीय. वाट बघणाऱ्या माणसाला हवं ते ऐकू येतं. हे कारण मला पटलं आणि मी चहाचं बोलणं बंद केलं.

३

मग रोशनी धावत गेटपाशी यायची थांबली. तिथे आधीच नुसती उभी असायची. मी दार उघडून म्हटलं, चल, बस. ती म्हणाली, आता नको, आत्ताच मारली ना आपण.

मला वाटलं खेळतेय. पण दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी मी खाली उतरून तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि नीट विचारलं, कुणाबरोबर गेली होतीस? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू पप्पाच येड्यासारखं विचारतायत. म्हणाली, तुमच्याबरोबर. कुठपर्यंत? टाकीच्या पुढे. काय बोललो आपण? तेव्हा मात्र ती विचारात पडली. "तुम्ही बोलत नाही चकरेत," ती म्हणाली. "मागे पण बघत नाही."

तिच्या फ्रॉकला डिझेलचा वास होता. माझ्याही कपड्यांना असायचा, म्हणा. पण मी त्या दिवशी तिला अजून उचललं नव्हतं.

 कुणीतरी पोर पळवायच्या बेतात आहे, माझ्यासारखी गाडी घेऊन येतं, चटक लावतं, हे एकच माझ्या डोक्यात आलं. समोरच्या रंगूबाई रोज त्या वेळेला ओट्यावर काहीतरी निवडत बसलेल्या असायच्या. त्यांना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, पोरगी गेटातून बाहेर येते हे बघितलं, मग मी शेंगा सोलायला लागले, मान वर केली तर पोरगी गेटातच उभी. गाडीचं विचारलं तर म्हणाल्या, "आवाज आला बाई. गाडी काय दिसली नाय. माझं लक्ष नसंल."

४

मी हिरामणला गळ घातली. म्हटलं, आज माझी गाडी तू घरी आणून दे, मला जरा लवकर जायचंय. त्याला काय, तोफ चालवायला मिळाली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, बसने घरी आलो आणि वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. रोशनी खाली हॉलमध्ये चित्र रंगवत होती. गल्ली मोकळी होती, ऊन अजून भिंतींवर होतं. मधोमध एक कुत्रं झोपलं होतं.

आणि आवाज आला. माझ्याच गाडीचा. टकटक आणि वर शीळ. गिरणीपाशी वळला, मी गिअर बदलतो तिथेच बदलला, जवळ आला. गल्लीत काहीही नव्हतं. मी डोळे ताणून बघत होतो आणि काहीही नव्हतं. मधलं कुत्रं मात्र उठलं, आळस दिला, गाडीला वाट द्यावी तसं बाजूला होऊन भिंतीला चिकटून उभं राहिलं आणि काहीतरी पुढे जाईपर्यंत मान वळवत राहिलं. आवाज आमच्या गेटसमोर येऊन थांबला. इंजिन चालूच होतं.

खालून रोशनीची पावलं वाजली. मी तिला हाक मारली, जिना उतरलो, दोन पायऱ्या चुकून पडलो, उठून धावलो. गेट उघडं होतं. आवाज टाकीच्या दिशेने जात होता आणि गल्लीत माझी पोर नव्हती. मी टाकीपर्यंत पळालो. टाकीपलीकडे कोबीचं वावर आहे, तिथे रस्ता संपतो. आवाज तसाच पुढे, वावरातून, लांब लांब जात राहिला.

तेवढ्यात गिरणीकडून हॉर्न वाजला. हिरामण माझी गाडी घेऊन वळला होता, खुशीत. मी मागे बघितलं तर रोशनी गेटपाशी उभी. गाडीतून उतरल्यावर माणूस जरा डुलतो तशी डुलत होती. हिरामणने विचारलं, का रे घामाघूम? मी म्हटलं, काही नाही, जिन्यावरून पडलो. दुसरं काय सांगणार होतो?

५

त्यानंतर आम्ही जे जे करायचं ते केलं. ललिताने तिला वणीच्या गडावर नेलं, ओटी भरली. तिचं माहेर वणीचंच. दोन दिवस राहायला म्हणून गेल्या, तर आवाज तिथल्या अंगणातही आला, आणि मी गाडी घेऊन वळलो तेव्हा पोरगी इथे, आमच्या गेटपाशी. पेठकडच्या एका भगताने अंगारा दिला. मी स्वतः तिला कानाच्या डॉक्टरकडे आणि डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. पोरगी ठणठणीत होती.

गाडी घरी ठेवून मी कारखान्याच्या बसने गेलो, तर गाडी दारात उभी असताना आवाज आला आणि रोशनी गेली. मी घरी येऊन, गाडी बाहेर काढून, गिरणीपासून वळवून पुन्हा गल्लीत आणली तेव्हा ती गेटपाशी दिसली. सुटीच्या दिवशी मी घरातच होतो, तरी तेच. एकच गोष्ट दर वेळी खरी ठरली. माझी गाडी चालू इंजिनाने गिरणीपाशी वळली की पोरगी परत यायची.

एकदा ललिताने दाराला कडी लावली, वर कुलूप लावलं आणि रोशनीला मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी कवटाळून बसली. मी गाडी घेऊन पोचलो तेव्हा रोशनी नेहमीसारखी गेटपाशी होती. दार उघडायला वेळ लागला, कारण आत ललिताला कुलपाची चावी सापडत नव्हती. तिने मला नंतर सांगितलं की तिने मिठी एकदाही सोडली नाही. आवाज टाकीकडे गेला आणि मिठीतलं अंग हलकं झालं, एवढंच. तिच्या छातीशी रोशनीचा रिबिनीचा फुगा तेवढा राहिला होता. त्या दिवशी मी ललिताला पहिल्यांदा रडताना बघितलं. मला तिचा नाही, त्या गाडीचा राग आला. काढून टाकायची ही ब्याद, असं मी त्याच क्षणी ठरवलं.

६

सटाण्याकडचा वाळू नावाचा कांद्याचा व्यापारी गाडी बघून गेला होता. त्याला बोलावून घेतलं. कारखान्याच्या फाटकाशी चावी त्याच्या हातात दिली, हीटरच्या दिव्याचं आणि टर्बोचं दोनदा समजावलं. गाडी पिंपळगावच्या दिशेने दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो. आवाज गेला. मला खरं सांगतो, इतकं मोकळं वाटलं की मी वडापाव खाल्ला. मग एसटी पकडून अमृतधामला उतरलो आणि पायी घरी आलो.

ललिता गेटपाशी उभी होती. हाताला भाकरीचं पीठ. तिने मला चालत येताना बघितलं, माझ्या मागे बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"गाडी कुठंय?" तिने विचारलं. "रोशनी गेलीय चकरेला."

ती रात्र मी सांगणार नाही. पोलीस आले, वावरं धुंडाळली, विहिरीत गळ टाकला. मला सगळं माहीत होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं. वाळूच्या गावात फोन लागेना. पहाटेच्या पहिल्या एसटीने सटाण्याला गेलो, विचारत विचारत त्याच्या मळ्यात पोचलो. तो गाडी धूत होता. माझा अवतार बघून अहिराणीत म्हणाला, "गाडी ते चांगली शे, भाऊ. काय व्हयनं?" मी त्याच्या पाया पडलो. एवढा मोठा माणूस पाया पडतो म्हटल्यावर त्याने काही न विचारता चावी दिली.

मी वणीवरून, दिंडोरीवरून गाडी पळवली. बागांमध्ये द्राक्षांची फवारणी चालली होती, ट्रॅक्टर आडवे येत होते, मी कुणालाही वाट दिली नाही. आयुष्यात तशी गाडी मी चालवली नव्हती. गल्लीत गर्दी होती. गिरणीपाशी वळलो आणि गर्दीच्या डोक्यांवरून गेटकडे बघितलं.

रोशनी होती. कालच्याच फ्रॉकमध्ये, केसांत धूळ, ओठ सुकलेले. ललिता गेटच्या पायरीवरच बसून होती आणि तिलासुद्धा पोर कधी आली ते कळलं नव्हतं. लोकांनी देवाचं नाव घेतलं, पोलिसांनी आम्हाला झापलं. रोशनी तांब्याभर पाणी एका दमात प्यायली. सगळे गेल्यावर मी विचारलं. ती म्हणाली, "लय लांब गेलो, पप्पा. ते परत वळलेच नाहीत. मग तुमची गाडी ऐकू आली."

तोवर ती म्हणायची, तुम्हीच चालवता. त्या दिवशी ती पहिल्यांदा 'ते' म्हणाली.

७

द्वारकेवरच्या एजंटाच्या मी पार मागे लागलो आणि आधीच्या मालकाचा पत्ता काढला. गंगापूर रोडला, एका शांत सोसायटीत बंगला. सुटीच्या दिवशी दुपारी गाडी घेऊन गेलो. मी बंगल्यासमोर थांबलो आणि इंजिन बंद करायच्या आत दार उघडून एक नवरा-बायको बाहेर आले. चप्पल न घालता. फार वयस्कर नव्हते, पण चालणं थकलेलं. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. दोघंही फाटकाच्या आतल्या बाजूला, एका ठरावीक जागेकडे बघत होते.

इंजिन चालू होतं. ते उभे राहिले, मी बसून राहिलो. थोड्या वेळाने ती बाई आत गेली.

त्या गृहस्थांनी मला आत बोलावलं नाही. खिडकीशी वाकून विचारलं, तुमचं कोण आहे? मी म्हटलं, मुलगी. त्यांनी मान हलवली. विचारलं, विकून बघितली का? मी म्हटलं, विकली होती, दुसऱ्या दिवशी परत आणली.

"मग बरंय," ते म्हणाले. "आम्हाला कळायला उशीर झाला. एजंटाने पुढे कुणाला दिली ते सांगितलंच नाही." आणि मग, खूप अदबीने, म्हणाले, "कधी जमलं तर इकडून एक फेरी मारत जा."

मी हो म्हटलं. पुन्हा गेलो नाही. ज्याला नावं ठेवायची त्याने खुशाल ठेवावीत. त्यांच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभं असताना माझ्या दारात कोण उभं असेल, हे मला कुणी सांगणार होतं का? माझी एकच पोर आहे.

८

आठ वर्षं मी ही गाडी पाळली. मधे कंपनीने हे मॉडेल बंद केलं. सुटे भाग मिळेनासे झाले. लोक म्हणायचे, अरे, हौसेला मोल नाही हे खरं, पण हे काय खूळ? नवीन घे. मी मालेगावच्या भंगारबाजारात वाकून वाकून पंप शोधले, नोझल शोधले. एक आख्खं इंजिन आणून जिन्याखाली ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवलं. आडगाव नाक्यावरचा पुंजाराम मिस्त्री माझा आवाज ऐकला की कपाळाला हात लावायचा. त्याच्या डोक्यावर उभा राहून मी प्रत्येक बोल्ट आवळून घ्यायचो. एक दिवस क्लच तुटला तेव्हा हिरामणने त्याच्या जीपने दोर लावून मला गल्लीत ओढत आणलं. गेट रिकामं होतं. मी तिथेच सेल्फ मारला आणि इंजिन धडधडल्यावर ती दिसली.

रोशनी मोठी झाली. तेराची आहे, माझ्या खांद्याला लागते, गणितात हुशार. आवाज आला की पेनाला टोपण लावते, वही मिटते आणि शहाण्या माणसासारखी खाली जाते. ललिता आता तिला धरत नाही. नुसती गॅलरीत उभी राहते. आम्ही तिघं याबद्दल बोलत नाही. घरात दुसऱ्या कुणाचं आजारपण असावं तसं ते आमच्यात राहतं.

पण अलीकडे ती यायला वेळ लावते. आधी मी गिरणीपाशी वळलो की ती असायची. मग गेटपर्यंत पोचलो की. आता मी गेटसमोर इंजिन चालू ठेवून बसतो, तापमानाचा काटा चढायला लागतो, शेजारी धुराबद्दल बोंब मारतात, आणि केव्हातरी ती दिसते. दिसली की आधी मला बघत नाही. ज्या दिशेने आली तिकडे बघते.

परवा जेवताना तिने विचारलं, "पप्पा, तुम्ही एखाद्या दिवशी नाही पोचलात तर मी उतरून चालत येऊ का? ते थांबवत नाहीत, पण दार उघडतं."  मी म्हटलं, गप जेव. मी रोज पोचेन. ती हो म्हणाली आणि जेवली. इतका विश्वास त्या पोरीने टाकायला नको होता.

९

आज कारखान्यातून घरी येताना, दहावा मैल म्हणतात त्या फाट्याच्या अलीकडे इंजिनातून धाडकन आवाज झाला. रस्त्यावर तेल सांडत गेलं आणि गाडी आपोआप कडेला थांबली. बॉनेट उघडून बघितलं. आतला दांडा तुटून ब्लॉकच्या बाहेर आला होता, माझी मूठ जाईल एवढं भोक. मी तपासणीवाला माणूस. दुरुस्त होणारी चूक कुठली आणि न होणारी कुठली, हे मला बघताक्षणी कळतं. तरी मी सेल्फ मारत राहिलो, बॅटरी उतरेपर्यंत.

पुंजारामला फोन केला. जिन्याखालचं इंजिन चढवायचं म्हणजे दोन दिवस लागतील, म्हणाला, आज कसं होईल साहेब? मी त्याला शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या. त्याने ठेवून दिला.

म्हणून मी इथे रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलोय. ऊन कलतंय. ओझरकडून नाशिककडे गाड्यांची रांग लागलीय, शिफ्ट सुटल्याची. समोरच्या बाजूला, नाशिककडून येणारा रस्ता मोकळा आहे.

तिकडून आवाज आला. टकटक आणि वर शीळ. माझी गाडी इथे माझ्यासमोर मेलेली पडली होती आणि तिचा आवाज समोरून येत होता. एका ट्रकवाल्याने उगाच डावीकडे घेतलं, मागच्या दुचाकीवाल्यानेही घेतलं. मी रस्त्याच्या मधोमध धावलो, दोन्ही हात वर करून.

एवढ्या वर्षांत मला ती गाडी कधी दिसली नव्हती. आज दिसली, पापणी लवते तेवढीच. पुढच्या सीटवर रोशनी होती, शाळेच्या कपड्यांत. तिने आधी कडेला उभी असलेली आमची गाडी बघितली, तिचं उघडं बॉनेट बघितलं, मग मला बघितलं. तिला सगळं कळलं. ती ओरडली नाही. शेजारच्याच्या हाताला हात लावून तिने थांबवायची खूण केली. तो हात हलला नाही. त्या हातावर माझंच घड्याळ होतं. मान त्याने वळवली नाही, म्हणून चेहरा मला दिसला नाही. रोशनीचा दुसरा हात दाराच्या खटक्यावर होता आणि ती जोर लावत होती. दार उघडत नव्हतं.

मी पिंपळगावच्या दिशेने पळालो, दम तुटेपर्यंत. आवाज लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला.

परत गाडीपाशी आलोय. सीटवर ठेवलेला फोन कधीचा वाजतोय. ललिता आहे. गिरणीपाशी वळलात का, एवढंच तिला विचारायचंय.